वरच्या बाईंचं आतडं

बंदरावर त्यांना सगळे 'वरच्या बाई' म्हणत. धक्क्यावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून जहाजातले कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या ट्रेलरवर ठेवायचे, हे त्यांचं काम. कुठे काही अडलं की खालचा मुकादम हात वर करून म्हणायचा, "आता सगळं वरच्यांच्या हातात," आणि नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ भलताच देवभोळा दिसतोय.

त्या केबिनमध्येच बाईंच्या पोटात पहिली कळ उठली. भर दुपार होती. भरलेला कंटेनर अधांतरी लटकत होता आणि खाली माणसं वावरत होती. कळ अशी, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन दिवस पोट फुगलेलं होतंच, पण पोट फुगलं म्हणून रजा टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दातओठ खाऊन त्यांनी कंटेनर ट्रेलरवर टेकवला, पकड सोडवली, आणि मग रेडिओवर मुकादमाला सांगितलं, की माणसं पाठवा, मला माझ्या पायांनी उतरवणार नाही.

आतड्याला पीळ पडला होता. ओला कपडा पिळावा तसा मोठ्या आतड्याचं एक वेटोळं स्वतःभोवतीच फिरलं होतं आणि रक्त न मिळाल्यानं काळं पडत चाललं होतं. इस्पितळात त्या दिवशी पाळीवर एक तरुण सर्जन होत्या. विभागप्रमुखांना बाईंच्या घरात सगळे मोठे डॉक्टर म्हणू लागले, म्हणून या आपोआप धाकट्या डॉक्टर झाल्या. त्यांनी काळा पडलेला भाग कापून काढला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली. शस्त्रक्रिया चांगली झाली. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला, लेक कॉलेजला जाऊ लागली. आणि आठवडा भरायच्या आत बाईंना हुडहुडी भरून ताप चढला, पोट लाकडासारखं टणक झालं. जोडलेला सांधा सुटला होता. आतली घाण पोटभर पसरली होती.

पुन्हा पोट उघडावं लागलं. या खेपेला जोडाजोडी नाहीच. आतड्याचं वरचं टोक डाव्या बाजूनं पोटावर बाहेर काढलं, खालचं टोक आत शिवून बंद केलं, आणि बाहेरच्या तोंडाला पिशवी लावली. जे खालून जायचं ते आता पोटावरच्या पिशवीत.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा धाकट्या डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या. नर्सला पाठवता आलं असतं, नवऱ्याला बाहेर गाठून सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "ताई, मी जोडलेला सांधा सुटला. टाके नीट होते, टोकांना रक्त पोचत होतं, ते तपासलं होतं. तरी सुटला. काही जणांचा सुटतो. तुमचा का सुटला, ते मला माहीत नाही."

 एवढं सांगताना डॉक्टरांनी नजर चुकवली नाही, हे बाईंनी बघून ठेवलं.

घरी आल्यावर पिशवीशी ओळख व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा बदलताना ती तिरकी चिकटली, आणि चिकटवणारे कोण, तर ज्या हातांनी वाऱ्यावावदानात कंटेनर इंचभरही हलू दिला नव्हता ते हात. नवरा शिंपी. घरातल्याच पुढच्या खोलीत त्याचं मशीन. बोलणं कमी, पण त्यानं मऊ सुताच्या, आतून अस्तर लावलेल्या खोळी शिवल्या, पिशवी अंगाला चिकटू नये म्हणून. सासूबाई करड्या स्वभावाच्या. त्या नाक मुरडतील अशी बाईंची अटकळ होती. सासूबाईंनी एकदा सगळा प्रकार नीट पाहून घेतला आणि म्हणाल्या, "लहानपणी सगळ्यांचंच दुसऱ्यानं धुतलंय. तू तर स्वतःचं स्वतः करतेयस." विषय तिथंच संपला.

संपला नाही तो बंदरावर. अंगात ताकद आल्यावर बाई कामावर गेल्या, तर साहेबांनी त्यांच्यासाठी फाटकाजवळची खिडकी तयार ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे पास द्यायचे. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खिडकीत नवा पंखा लावून घेतला होता, खुर्चीवर उशी ठेवली होती. आता आराम करा, खूप सोसलंत, असं तो मनापासून म्हणाला.

बाईंनी विचारलं, की पिशवी असलेल्या माणसानं क्रेन चालवू नये असा नियम कुठे आहे. साहेब म्हणाला, नियमाचं काय घेऊन बसलात, आम्ही तुमच्या काळजीपोटीच म्हणतो. बाई म्हणाल्या, "काळजी तुमच्या पोटात, पिशवी माझ्या पोटावर. आणि क्रेन मी हातांनी चालवते."

खिडकीत त्या बसल्याच नाहीत. खुर्ची रिकामी, वर पंखा गरगर फिरतोय आणि बाई बाहेर धक्क्यावर उभ्या, असे काही दिवस गेले. धाकट्या डॉक्टरांनी तपासून, पोटावर घट्ट पट्टा बांधायला सांगून, काम करायला हरकत नाही असं लिहून दिलं. तेही साहेबाला पुरेना. मग बाईंनी सरळ सांगितलं, मला चढून दाखवू द्या. अर्ध्यावर थांबले तर जन्मभर पास फाडीन. लिफ्ट होती, पण ती शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नसे. पुढे उभी लोखंडी शिडी. खाली अर्धा धक्का जमला. बाई शिडीच्या प्रत्येक पायरीवर पाय नीट रोवत चढल्या, केबिनचं दार लावून घेतलं आणि सबंध पाळी काम करून उतरल्या. पिशवी त्यांनी वरच बदलली होती. ती कशी बदलली हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. साहेबानं हात टेकले. खिडकीतला पंखा दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फिरू लागला.

सगळं रांगेला लागलं. दिवस गेले, वर्ष उलटलं. आणि एके संध्याकाळी जेवताना बाई म्हणाल्या, "मला आतडं परत जोडून घ्यायचंय."

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला.

आधी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जुने फोटो पाहिले आणि मान हलवली. दोनदा उघडलेलं पोट, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. खालचं टोक शोधून सोडवणं हेच एक दिव्य. जोडलं आणि पुन्हा सुटलं तर जिवावर बेतेल. वाचलात तर पिशवी कायमची, आणि तीही आजच्यासारखी सोयीची असेल असं नाही. तुम्ही कामावर आहात, हिंडताफिरताय, मग सुखाचा जीव दुःखात कशाला घालता, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, की माझ्या जिवाचं सुख कशात आहे, ते मला न विचारता तुम्ही कसं ठरवलंत. मोठे डॉक्टर चिडले नाहीत. ठरवणार तुम्हीच, पण मी सुरी धरणार नाही, म्हणाले.

मग बाई गेल्या धाकट्या डॉक्टरांकडे.

धाकट्या डॉक्टर त्या सुटलेल्या सांध्यानंतर स्वस्थ बसल्या नव्हत्या. इस्पितळाच्या समितीकडून परवानगी घेऊन त्यांनी एक अभ्यास सुरू केला होता. जे रुग्ण समजून-उमजून तयार होतील, त्यांचंच थोडं रक्त शस्त्रक्रियेआधी काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, म्हणजे त्याचे थर वेगळे होतात. त्यातल्या एका थरात प्लेटलेट दाटलेल्या असतात. बोट कापलं की रक्त थांबवतात त्याच या बारीक कणिका. पण त्या नुसतं रक्त थांबवून गप्प बसत नाहीत, जखम भरायला आजूबाजूच्या पेशींना कामालाही लावतात. त्या थराची पिवळसर, थलथलीत जेली बनते. ती आतड्याच्या सांध्याभोवती गुंडाळायची.

नवरा सोबत होता. आयुष्यभर टाके घातलेला माणूस. त्याचं मन काही मानेना. कापड विरलेलं असलं, की टाका कितीही घट्ट घाला, टाक्याच्या शेजारीच फाटतं, असं तो म्हणाला. मग वरून चिकटवलेल्या खळीनं काय होणार?

"कापडाचं तसंच होतं," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. "पण कापड स्वतःहून जुळत नाही. आतडं जिवंत असतं. टाक्यांचं काम एवढंच, की दोन टोकं काही दिवस एकमेकांना धरून ठेवायची. खरा सांधा शरीर भरतं. ही जेली त्या भरण्याला हातभार लावेल, असं मला वाटतं."

"वाटतं?" नवऱ्यानं विचारलं.

"वाटतं. प्राण्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी चांगलं दिसलंय. माणसांवरचे प्रयोग अजून थोडे आहेत, आणि सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत. मी काही लिहून देणार नाही. तुमचा सांधा जेली लावूनही सुटू शकतो."

बाईंनी विचारलं, त्यानं काही नुकसान? डॉक्टर म्हणाल्या, रक्त तुमचंच, त्यामुळे परक्या रक्ताची भीती नाही. पण नव्या गोष्टीत सगळे धोके आधी कळतात असंही नाही. बाईंनी मान डोलावली. एवढं सरळ बोलणारं माणूस त्यांना त्या इमारतीत दुसरं भेटलं नव्हतं.

घरी मात्र भडका उडाला. लेक एरवी आईची बाजू घेणारी. ती सगळ्यांत जास्त तापली. जिच्या हातून सुटला तिच्याच हातात पुन्हा पोट द्यायचं, याला काय म्हणायचं? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि ही आपली पुन्हा उकळतं दूधच तोंडाला लावतेय. नवरा मशीनवर जाऊन बसला, पण मशीन चालल्याचा आवाज येईना. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला.

"अगं, जिंकलीस ना तू," तो म्हणाला. "शिडी चढून दाखवलीस. कुणाची बोलायची टाप नाही. आता पुन्हा कशासाठी?"

बाईंनी उत्तर आधीपासून घोळवून ठेवलं नव्हतं.  "तेव्हा जोडून घेतलं असतं, तर त्या खिडकीच्या भीतीनं घेतलं असतं. साहेबासाठी, लोकांच्या तोंडासाठी. आता मला कुणी ढकलत नाही. पिशवीचं माझं भांडण नाही, तिनं मला जगवलंय. पण माझं आतडं आत अर्धवट शिवून ठेवलंय, ते जोडता येतं का एवढं मला बघायचंय. सगळे म्हणतात, चालतंय ना? चालतंय, कारण मी चालवते. म्हणून मी पुढचं काही मागायचंच नाही?"

"आणि हीच डॉक्टर कशाला?" लेकीनं विचारलं.

"कारण सुटला तेव्हा येऊन सांगणारी तीच होती. पुन्हा सुटला तरी तीच सांगेल. दुसरा कुणी सांगेलच याची मला खात्री नाही."

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी लेकाकडे आणि नातीकडे आळीपाळीनं पाहिलं. "तिचं आतडं आहे," त्या म्हणाल्या. "तुमची आतडी तुटतायत ते दिसतंय मला. पण कापणार आहेत ते तिचं."

त्यानंतर घरात कुणी वाद घातला नाही. पटलं म्हणून नव्हे. बाईंचं म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाईंच्या दंडातून रक्त काढलं. नळ्यांमधलं ते गडद रक्त घेऊन तंत्रज्ञ निघाला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवून नळ्या एकदा हातात घेतल्या. कोमट होत्या. परत येताना कुठल्या रंगाचं येणार, असं त्यांनी विचारलं. पिवळं, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण तुम्ही नेमकं तेव्हाच झोपवता.

आत पोट खरोखरच चिकटलेलं होतं. दिव्य ते दिव्यच निघालं. खालचं टोक सोडवायलाच सकाळ गेली. बाहेर नवरा भिंतीला टेकून उभा, खुर्ची असून बसेना. शेवटी धाकट्या डॉक्टर आल्या, टोपी काढलेली, केस घामानं चिकटलेले. जोडलंय, म्हणाल्या. जेली गुंडाळलीय. आता वाट बघायची.

वाट बघणं सगळ्यांत वाईट. पहिले दोन दिवस ठीक गेले. आणि मग, मागच्या वेळेसारखाच, संध्याकाळी बाईंना ताप भरला.

अंगावर काटा येताच बाईंनी ओळखलं. नर्सनं ताप मोजला आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्यानं पलंगाची दांडी अशी धरली, की बोटांची पेरं उठून दिसली. धाकट्या डॉक्टर धावतच आल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला, आणि तो हात बाईंना गार लागला. त्या क्षणी बाईंना भीती वाटली.  आपण हट्टानं हे ओढवून घेतलं का, असं एकदा मनात येऊन गेलं. आणि त्यांनी ते तिथल्या तिथं परतवून लावलं. सुटला तर सुटला. मागून घेतलंय, कुणी लादलं नाही. रडायचं ते निकाल लागल्यावर.

"डॉक्टर, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आधी बघा तरी."

 मग तपासणीचं यंत्र, आत सोडलेला रंग, फोटो. रंग सांध्यातून बाहेर झिरपला असता तर फोटोत दिसला असता. दिसला नाही. सांधा धड होता. घोळ होता छातीत. दुखतं म्हणून बाई खोल श्वास घेत नव्हत्या, आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसला होता. श्वास ओढला की आतले चेंडू वर उचलले जातात, अशी एक नळी हातात देऊन ती ओढायला लावली. बाई ती अशा त्वेषानं ओढायला लागल्या, की शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, चेंडू गिळाल.

ताप उतरला. आणि पुढे एका सकाळी, मोठे डॉक्टर सगळा ताफा घेऊन फेरीवर आले असताना, बाईंच्या पांघरुणाखालून एक चांगला लांबलचक आवाज झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, जिथून व्हायला हवा तिथून. शिकाऊ डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. नवरा लाजेनं चूर झाला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "रस्ता खुला झाला म्हणायचा."

मोठ्या डॉक्टरांना हसू आवरलं नाही. त्यांनी फोटो पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिले. सांधा धरलाय, म्हणाले. मग धाकट्या डॉक्टरांकडे वळून म्हणाले, की त्या जेलीमुळे धरला की तुझ्या हातामुळे की यांच्या नशिबामुळे, ते मी सांगू शकत नाही. धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, मीही नाही सांगू शकत, अजून बरेच सांधे बघावे लागतील. बाईंना वाटलं, ही दोघं एकमेकांशी भांडतात खरी, पण एकाच बाजूनं.

बाई कामावर रुजू झाल्यावर, तपासणीसाठी गेल्या असताना, इस्पितळाचा प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस त्यांना शोधत आला. दारावर मोठा फलक लावायचा होता. डावीकडे पिशवी लावलेल्या बाई, चेहरा उतरलेला. उजवीकडे बऱ्या झालेल्या बाई, हसऱ्या. मध्ये रक्ताचा एक थेंब. पिशवीवाला फोटो आता काढता येईल, त्यानं समजावलं, आपण एक पिशवी वरून लावू, तुम्ही फक्त जरा दुःखी दिसा.

बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पिशवी होती तेव्हा मी क्रेन चालवत होते. घर चालवत होते. दुःखी चेहरा कुठून आणू?"

तो म्हणाला, लोकांना फरक दिसायला हवा ना. बाई म्हणाल्या, फरक माझ्या पोटात आहे, तोंडावर नाही. आणि त्या थेंबानं झालं असं खुद्द तुमच्या डॉक्टर म्हणत नाहीत, तर फलक कोणाच्या तोंडानं बोलणार? जगातल्या ज्या माणसाची पिशवी निघणारच नाही, तो तुमच्या दारातून आत येताना आधी माझा रडका चेहरा बघणार. ते मला चालायचं नाही. माझं काय झालं ते अभ्यासात लिहा, चांगलं-वाईट सगळं लिहा. फलकावर मी नाही.

तो माणूस कागद गुंडाळून गेला. हिरमुसला बिचारा, त्यानं थेंब खरंच सुरेख काढला होता.

बाहेरच्या बाकावर एक बसचालक बसला होता. नुकतीच पिशवी लागलेला. शर्ट दोन मापं मोठा, हात सारखा पोटावर. त्यानं सगळं ऐकलं असावं. बाई शेजारी टेकल्या, तसं त्यानं खाली बघतच विचारलं, "ताई, तुमचं जोडलं म्हणतात. त्या रक्ताच्या औषधानं."

"जोडलं. कशानं ते ठाऊक नाही."

"माझं जोडतील का?"

"ते डॉक्टरांना विचार. आत्ता विचार, पुढच्या महिन्यात विचार, नाही म्हणाले तर का नाही ते विचार. आणि तोवर बस चालव."

तो कडवट हसला. डेपोत त्याला चौकशीच्या टेबलावर बसवणार होते. शिवाय सीटचा पट्टा नेमका पिशवीवरून जातो, म्हणाला, मग चालवायची कशी.

"उठ," बाई म्हणाल्या. "कुठून जातो ते दाखव बघू."

तो संकोचत उठला. बाईंनी आपली ओढणी काढून त्याच्या खांद्यावरून आडवी, कमरेपर्यंत घेतली, आणि ती पिशवीच्या वरून न नेता खालून, कमरेच्या हाडावर कशी बसवायची ते त्याला दाखवू लागल्या.